एडविन आर्मस्ट्राँग : माळ्यावरचा संशोधक

आपल्या अंकात बहुतेक वेळा कवी-लेखकांची चरित्रं येतात. मी साहित्याचीच विद्यार्थिनी, पण या वेळी एका रेडिओवाल्याबद्दल लिहितेय. त्याला कारण माझे थोरले मामा. बेळगावात ते आजही जुने व्हॉल्व्ह जमवून गाणी ऐकायचे अ‍ॅम्प्लिफायर घरीच बनवतात. एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग हे नाव मी पहिल्यांदा त्यांच्याकडूनच ऐकलं.

आर्मस्ट्राँगचा जन्म १८ डिसेंबर १८९० चा, न्यूयॉर्कमधला. वडील ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या अमेरिकेतल्या शाखेत नोकरीला, आई पूर्वी शिक्षिका. म्हणजे घर पुस्तकांचंच. लहानपणी त्याला अंगाला आपोआप झटके येणारा आजार झाला. त्याचं जुनं नाव आपल्या संत व्हायटसवरून पडलंय. दोन वर्षं शाळा बुडाली, खांदा उडायचा तो जन्मभर. पुढे कुटुंब हडसन नदीकाठी याँकर्सला राहायला गेलं. तिथे माळ्यावरच्या खोलीत त्याने तारा, कॉइल आणि बॅटऱ्यांचा संसार मांडला. अंगणात १२५ फुटी खांब उभा केला आणि स्वतः वर चढून अँटेना बांधली. कोलंबिया विद्यापीठात इंजिनिअरिंग शिकताना तो मोटरसायकलवरून ये-जा करायचा.

तेव्हा व्हॉल्व्ह नवीनच होता. ली डी फॉरेस्टने १९०६ साली ऑडिऑन बनवला होता. काचेच्या बल्बमध्ये तापलेली तार, समोर प्लेट आणि दोघांमध्ये जाळी, म्हणजे ग्रिड. तारेतून सुटलेले इलेक्ट्रॉन प्लेटकडे धावतात. ग्रिडवरचा दाब जरासा बदलला की या प्रवाहात मोठा फरक पडतो. मामांच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्येही बारीक आवाज मोठा होतो तो असाच. पण हे नेमकं कसं घडतं, ते खुद्द डी फॉरेस्टला उमगलं नव्हतं. बल्बमध्ये उरलेल्या वायूमुळे काम होतं, असं त्याला वाटायचं. आर्मस्ट्राँगने मात्र मोजमापं घेतली आणि १९१४ मध्ये लेख लिहून खरा प्रकार मांडला.

त्याआधीच, १९१२ च्या सप्टेंबरमध्ये, त्याने मोठा शोध लावला होता. तेव्हा तो २१ वर्षांचा होता, म्हणजे माझ्याच वयाचा. प्लेटकडून निघालेल्या सिग्नलचा थोडा भाग त्याने परत ग्रिडकडे वळवला. तो पुन्हा मोठा झाला, परत वळला, आणखी मोठा झाला. हेडफोन कानाला दाबूनही जेमतेम ऐकू येणारे दूरचे संदेश आता खोलीभर ऐकू येऊ लागले. त्या रात्री त्याने धाकट्या बहिणीला झोपेतून उठवलं म्हणे. हा परतीचा भाग आणखी वाढवला, तर व्हॉल्व्ह स्वतःच लहरी निर्माण करतो, हेही त्याने ओळखलं.

पेटंटसाठी वडिलांनी पैसे दिले नाहीत. आधी पदवी घे, म्हणाले. त्याने मोटरसायकल विकली, तरी पैसे पुरेनात. शेवटी ३१ जानेवारी १९१३ ला त्याने नुसती आकृती नोटरीकडून साक्षांकित करून घेतली. खर्च २५ सेंट. पेटंटचा अर्ज ऑक्टोबरमध्ये गेला.

मग डी फॉरेस्टने दावा केला की हा शोध आपला. १९१२ च्या ऑगस्टमध्ये टेलिफोनचा अ‍ॅम्प्लिफायर बनवताना त्याच्याकडे शिट्टी वाजली होती आणि तशी नोंद वहीत होती. ही शिट्टी मीही ऐकलीय. मामांनी एकदा नवा अ‍ॅम्प्लिफायर सुरू केला, तर स्पीकर किंचाळायलाच लागला. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या दोन तारांची अदलाबदल केल्यावर तो गप्प झाला. उलटा बसायला हवा तो फीडबॅक सुलटा बसला होता. घरी अ‍ॅम्प्लिफायर बनवणाऱ्याला शिट्टी म्हणजे कटकट. डी फॉरेस्टलाही तेव्हा ती कटकटच वाटली असावी. आर्मस्ट्राँगने ती का वाजते ते शोधलं आणि कामाला लावलं.

खटला वर्षानुवर्षं चालला. १९३४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने डी फॉरेस्टच्या बाजूने निकाल दिला. याच शोधासाठी रेडिओ इंजिनिअरांच्या संस्थेने आर्मस्ट्राँगला मानाचं पदक दिलं होतं. ते परत करायला तो अधिवेशनात गेला. संस्थेने घ्यायला नकार दिला आणि भरलेलं सभागृह त्याच्यासाठी उभं राहिलं. कायद्याचा निकाल एक आणि रोज व्हॉल्व्ह हाताळणाऱ्यांचा निकाल दुसरा.

मधल्या काळात, पहिल्या महायुद्धात पॅरिसला असताना, त्याने सुपरहेटरोडाइन रिसीव्हर शोधला. १९३३ मध्ये एफएमची पेटंटं मिळाली. एफएमची प्रयोगशाळा कोलंबियाच्या तत्त्वज्ञान विभागाच्या इमारतीत, तळघरात होती, हे वाचून मला फार बरं वाटलं! पण १९४५ मध्ये सरकारने एफएमचा पट्टाच बदलला आणि लोकांकडचे जुने सेट निकामी झाले. १९४८ मध्ये त्याने आरसीए कंपनीवर दावा लावला. पैसा संपत गेला, पत्नी मॅरियन घर सोडून गेली. ३१ जानेवारी १९५४ च्या रात्री त्याने तेराव्या मजल्यावरच्या घरातून उडी घेतली. आकृतीवर नोटरीची सही झाली, त्या दिवसाला बरोबर ४१ वर्षं झाली होती.

उरलेले खटले मॅरियननेच लढवले. शेवटचा, मोटोरोलाविरुद्धचा, १९६७ साली संपला. सगळे तिने जिंकले किंवा तडजोडीने मिटवले. ही बातमी कळायला तो नव्हता, याचं मला राहून राहून वाईट वाटतं.