विश्लेषण : दोन अल्बम, २३ वर्षांचे आयुष्य... इयन कर्टिसचा आवाज आजही का ऐकला जातो?

ब्रिटनमधील मँचेस्टरचा ‘जॉय डिव्हिजन’ हा बँड चार वर्षेही टिकला नाही. तरीही ‘अल्टरनेटिव्ह रॉक’चा इतिहास त्याच्याशिवाय पूर्ण होत नाही. त्याचा गायक इयन कर्टिसची ही कहाणी.

कर्टिस कोण होता?

१५ जुलै १९५६ रोजी स्ट्रेटफर्डमध्ये त्याचा जन्म झाला. वाढला तो मॅकल्सफील्डमध्ये. कविता आणि डेव्हिड बोवीची गाणी यांचे त्याला वेड. १९व्या वर्षी लग्न झाले. पोटासाठी तो सरकारी रोजगार कार्यालयात अपंगांना काम मिळवून देत असे.

बँड कसा उभा राहिला?

जून १९७६ मध्ये मँचेस्टरमध्ये ‘सेक्स पिस्टल्स’चा कार्यक्रम झाला. तो पाहून बर्नार्ड सम्नर आणि पीटर हुक यांनी बँड काढायचे ठरवले. कर्टिस गायक म्हणून आला, १९७७ मध्ये ड्रमवादक स्टीफन मॉरिस. ‘वॉर्सा’ हे आधीचे नाव १९७८ मध्ये बदलले. जून १९७९ मध्ये ‘फॅक्टरी रेकॉर्ड्स’ने ‘अननोन प्लेझर्स’ हा पहिला अल्बम काढला. त्याच्या मुखपृष्ठावर एका स्पंदक ताऱ्याच्या रेडिओ लहरींचा आलेख होता. टी-शर्टवर तो आजही दिसतो.

आजाराने काय केले?

कार्यालयात येणाऱ्या, अपस्मार असलेल्या एका तरुणीच्या मृत्यूने कर्टिस हादरला. ‘शीज लॉस्ट कंट्रोल’ हे गाणे त्यातूनच आले. डिसेंबर १९७८ मध्ये लंडनहून परतताना त्यालाच झटका आला आणि अपस्माराचे निदान झाले. झगमगते दिवे, जागरणे, सततचे दौरे हे सारे आजाराला पोषकच. मंचावर हात झटकत नाचण्याची त्याची शैली प्रसिद्ध होती. त्यामुळे नाच कुठे संपला आणि झटका कुठे सुरू झाला, हे प्रेक्षकांना अनेकदा कळत नसे. आजार बळावत होता, संसारही मोडकळीस आला होता. कार्यक्रम मात्र थांबले नाहीत.

पुढे काय झाले?

अमेरिका दौऱ्यावर निघण्याच्या आदल्या दिवशी, १८ मे १९८० रोजी कर्टिसने आयुष्य संपवले. मागे पत्नी आणि वर्षभराची मुलगी होती. दुसरा अल्बम ‘क्लोजर’ जुलैमध्ये आला. ‘लव्ह विल टेअर अस अपार्ट’ हे गाणे ब्रिटिश यादीत १३व्या क्रमांकापर्यंत गेले.

उरलेल्या तिघांनी जुने नाव सोडून ‘न्यू ऑर्डर’ हा बँड काढला. १९८३ च्या ‘ब्लू मंडे’ने त्यांना जगभर नेले. कर्टिसच्या शब्दांतली वेदना अनेकांना तेव्हा निव्वळ कला वाटली. ती मदतीची हाकही होती, हे सोबत्यांच्या ध्यानात आले ते उशिरा.