गल्लीच्या नंबरापासून राधानगरीपर्यंत

जयसिंगपुरात कुणालाही पत्ता विचारा, उत्तरात गल्लीचा नंबर येतोच. जुनी गावं अशी नसतात. ती ओढ्याकाठी, देवळाभोवती, जमेल तशी वाढतात. हे गाव मात्र आधी आखलं आणि मग वसलं. वसवलं राजर्षी शाहू महाराजांनी, आणि नाव दिलं आपल्या जन्मदात्या वडिलांचं, कागलच्या जयसिंगराव घाटग्यांचं. एवढं तुम्हाला शाळेतच कळलंय. पण गाव कोल्हापूर-मिरज रेल्वेला चिकटूनच का, हा प्रश्न कधी पडला?

त्यासाठी थोडं मागं जाऊ. २६ जून १८७४ चा जन्म, दहाव्या वर्षी कोल्हापूरच्या गादीला दत्तक आणि २ एप्रिल १८९४ ला कारभार हातात. तेव्हा वय विशीच्या आत, म्हणजे तुमच्याएवढंच. दोन वर्षांत दुष्काळ आला. महाराज घोड्यावरून संस्थान फिरले. स्वस्त धान्याची दुकानं उघडली, जनावरांसाठी चाऱ्याची सोय केली, रोजगाराची कामं काढली. कामावर येणाऱ्या बायांची तान्ही मुलं सांभाळायलाही जागा केली. बारीक गोष्ट वाटते, पण मूल कडेवर असेल तर खडी फुटत नाही आणि मजुरी बुडली तर स्वस्त धान्यही घेता येत नाही. एकाचा धागा दुसऱ्यात असा अडकलेला असतो. आज कॉलेजात ज्याला ‘सिस्टिम्स थिंकिंग’ म्हणतात ते हेच. महाराज ते दुष्काळी कामावर शिकले.

पुढची पंचवीस वर्षं बघा. १८९५ ला वसवलेल्या शाहूपुरीत गुळाची पेठ उभी राहिली. १९०२ मध्ये पाटबंधाऱ्यांचं धोरण ठरलं, त्यासाठी स्वतंत्र अधिकारी नेमला, विहिरी-तळ्यांची पाहणी झाली. १९०६ ला कापडगिरणीचा पाया घातला. सावकाराच्या तावडीतून सुटावं म्हणून सहकारी संस्थांना कायद्याचा आधार दिला. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पाणी आलं तर पीक वाढणार, पीक वाढलं तर पेठ लागणार, पेठेला रेल्वे लागणार आणि पेठेत हिशेब वाचता आला नाही तर शेतकरी पुन्हा नागवला जाणार. आता जयसिंगपूर रेल्वेला चिकटून का, ते सांगायला नको.

या सगळ्यात मोठं काम भोगावतीवरच्या धरणाचं. फेजिवडे गावाजवळ जागा ठरली आणि शेजारी मुलीच्या नावानं राधानगरी वसली. एका छोट्या संस्थानानं असलं धरण अंगावर घेणं म्हणजे जुगारच होता. १९१८ च्या सुमारास पैशाअभावी काम थांबलं. ६ मे १९२२ ला महाराज मुंबईत गेले तेव्हा धरण अर्धवटच होतं. ते पूर्ण झालं स्वातंत्र्यानंतर.

आता ऑगस्टमध्ये राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की तुमचा व्हॉट्सअॅप ग्रुप खणखणायला लागतो. कारण भोगावतीचं पाणी पंचगंगेत येतं, पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते, आणि कृष्णेला आधीच फुगवटा असला की पाणी शिरोळ तालुक्यात पसरतं. २००५, २०१९, २०२१ तुम्ही किंवा तुमच्या घरच्यांनी पाहिलेत.

आणि उन्हाळ्यात? नदीचं पाणी उपसून ऊस उभा राहिला, कारखाने आले, दर शरदात याच गावात ऊस परिषद भरायला लागली. पैसा आला हे नाकारायचं कारण नाही. पण काळ्या रानात पाट भरभरून पाणी सोडलं आणि निचऱ्याची वाट ठेवली नाही, की खालचं पाणी वर येतं, क्षार घेऊन येतं आणि रान पांढरं पडतं. शिरोळ तालुक्यात अशी हजारो एकर जमीन क्षारपड झाली. मला वाटतं, महाराजांच्या साखळीतली पाणी आणि पेठ आपण उचलली आणि जमीन विसरलो.

गेल्या काही वर्षांत तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी जमिनीखाली सच्छिद्र पाईप पुरून निचरा सुरू केलाय. मेलेल्या रानात पुन्हा पीक उभं राहिलंय. सुट्टीत तिकडं गेलात तर नुसता ऊस बघून परतू नका. पाईपातून निघालेलं ते खारं पाणी ओढ्याला लागतं. ओढ्याच्या कडेनं चालत जा आणि ते पुढं कुणाच्या विहिरीजवळून जातं, ते बघून या.