लोकमान्यांचे पथ्य



दिंडीच्या शताब्दी अंकात लोकमान्य टिळक कशाला, असे कोणी विचारील. तर गीतारहस्याच्या प्रस्तावनेचा आरंभ त्यांनी आपल्या देहूच्या तुकोबांच्या अभंगाने केला आहे. तळेगावला १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना निघाला, त्यालाही त्यांचा पाठिंबा होता. म्हणजे हे काही परक्याचे चरित्र नव्हे. पण आम्हाला इथे पुढाऱ्यापेक्षा दुखणे अंगावर घेऊन प्रपंच केलेल्या माणसाचे सांगायचे आहे.

त्यांचा जन्म २३ जुलै १८५६ चा, रत्नागिरीचा. १८७१ साली सत्यभामाबाईंशी लग्न झाले. घरात तीन मुली, तीन मुलगे. थोरला विश्वनाथ १९०३ मध्ये प्लेगने गेला. बाप म्हणून केवढा घाव तो, पण घरही चालवले आणि केसरीही चालवला.

मधुमेह त्यांना बरीच वर्षे होता. आज आपण सहज इन्सुलिनचे नाव घेतो. ते माणसाला पहिल्यांदा टोचले गेले १९२२ साली, लोकमान्य गेल्यानंतर. त्यांच्या काळी या दुखण्यावर मुख्य उपाय एकच, तोंड सांभाळणे.

२२ जुलै १९०८ च्या रात्री मुंबईत त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. दुसऱ्या दिवशी बावन्न वर्षे पुरी होत होती. रवानगी झाली ब्रह्मदेशात मंडालेला. उन्हाळा भयंकर, आणि सोबतीला साखरेचे दुखणे. स्वयंपाकाला कुलकर्णी नावाचा एक मराठी कैदी दिला होता. त्याच्या हातचे पथ्याचे जेवण, ठरल्या वेळी उठणे, पूजा-संध्या, मग वाचन. आपण माळ घालतो तेव्हा जसा नेम धरतो, तसाच त्यांनी पथ्याचा नेम धरला. त्या जोरावर १९१०-११ च्या हिवाळ्यात गीतारहस्य शिसपेन्सिलीने लिहून काढले. संसार टाकून पळू नका, भक्ती ठेवून आपले काम करा, हा त्यातला बोध त्यांनी आधी स्वतः जगून दाखवला.

घर मात्र हजारो कोस दूर. पत्रे मोजकीच धाडता यायची. त्यातून भाचे धोंडोपंत विद्वांस यांना ते घरच्या गोष्टी कळवत, मुलांच्या शिक्षणाची चौकशी करत. इकडे पुण्यात सत्यभामाबाई झिजत होत्या. ७ जून १९१२ ला त्या गेल्या. एकेचाळीस वर्षांचा संसार, आणि शेवटी भेट नाही! मंडालेत तार पोचली. एवढ्या दुःखातही घरी लिहिताना मुलांनी आता खचू नये, अभ्यास सोडू नये, हीच त्यांना काळजी.

जून १९१४ मध्ये मध्यरात्री त्यांना पुण्याच्या वाड्यावर आणून सोडले. वाट पाहणारी बाई घरात नव्हती. तरी पुन्हा कामाला लागले. १९१५ ला ग्रंथ छापून निघाला. १ ऑगस्ट १९२० ला मुंबईत देह ठेवला, तेव्हा चौसष्टावे वर्ष नुकतेच पुरे झाले होते.

हे सांगायला कारण आहे. आपल्या दिंडीत आज भोसरी, चाकण, तळवड्याच्या कंपन्यांत पाळ्या करणारी माणसे आहेत. रात्रपाळी, अवेळी जेवण, आणि चाळिशीतच साखर. वारीत आली की गोळ्या पिशवीच्या तळाशी जातात. पांडुरंग बघून घेईल म्हणतात. पंगतीत गोडाला नाही म्हणायला लाजतात, आणि एकादशीला निरंकार राहून ऊन-पावसात चालतात. चक्कर आली की मग विणेकरी, चोपदार सगळ्यांची धावपळ.

माऊली, दुखणे लपवण्यात भक्ती नाही. वारीला निघण्याआधी डॉक्टरांना दाखवा, एकादशी कशी करावी तेही त्यांनाच विचारा. बरोबरच्या दोघांना तरी सांगून ठेवा. गोळी वेळेवर घ्या, पाय रोज धुऊन तळवे बघा, जखम झाली तर अंगावर काढू नका. वाढपी मंडळींनीही आग्रह करू नये. घरी कोणीतरी वाट पाहत असते. लोकमान्यांना ती भेट मिळाली नाही, तुम्हाला मिळू शकते.

जय जय रामकृष्णहरि.