स्वतः रॉकेटवर बसून हाडं मोडून घेणारा डॉक्टर, ज्याच्यामुळे गाडीत बेल्ट आला

कुटुंब गाडीतून फिरायला निघतं. पुढच्या सीटवर आई आणि तिच्या मांडीवर बाळ, हे दृश्य आपल्याकडे अगदी रोजचं. आईच्या कुशीपेक्षा सुरक्षित जागा कुठली, असं सगळ्यांनाच वाटतं.

पण गाडी अचानक थांबली तर त्या कुशीचं काय होतं? अचानक थांबल्यावर माणसाच्या शरीराचं काय होतं, हे शोधण्यात एका माणसाने आयुष्य घालवलं. त्यासाठी त्याने प्रयोगाचा उंदीर म्हणून स्वतःलाच वापरलं. त्याचं नाव कर्नल जॉन पॉल स्टॅप.

स्टॅप यांचा जन्म ११ जुलै १९१० चा, ब्राझीलमधल्या बाहियाचा. आईवडील अमेरिकन मिशनरी. पोरगा शिकायला अमेरिकेत आला. १९२८ च्या नाताळच्या सुट्टीत नात्यातलं एक तान्हं बाळ रांगत शेकोटीत गेलं आणि भाजलं. स्टॅप यांनी त्या बाळाची शुश्रूषा केली, पण ते वाचलं नाही. डॉक्टर व्हायचं हे त्यांनी तेव्हाच ठरवलं.

घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे ठरवलेलं लगेच जमलं नाही. आधी प्राणिशास्त्र, मग बायोफिजिक्समध्ये पीएचडी आणि शेवटी १९४४ साली मिनेसोटा विद्यापीठातून डॉक्टरकी. त्याच वर्षी ते सैन्याच्या हवाई दलात दाखल झाले.

तेव्हा असा समज होता की माणूस फार तर १८ जी इतका धक्का सहन करू शकतो. १ जी म्हणजे आपलं नेहमीचं वजन. १८ जी म्हणजे क्षणभर शरीराला स्वतःच्या वजनाच्या १८ पट जोर जाणवणं. त्याच्या वर मरण ठरलेलं, मग विमानाची सीट आणि पट्टे त्याहून मजबूत करून उपयोग काय, असा हिशोब होता.

स्टॅप यांना हा हिशोब पटला नाही. १९४७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात रुळांवरून धावणारी रॉकेटगाडी तयार झाली. सुरुवातीला तिच्यावर पुतळा बसवला. नंतर डिसेंबर महिन्यात स्टॅप स्वतः बसले, तेही पाठ पुढे आणि तोंड मागे करून.

हळूहळू वेग वाढवत नेला. १९४८ च्या ऑगस्टपर्यंत १६ फेऱ्या झाल्या आणि धक्का ३५ जीपर्यंत पोहोचला. म्हणजे मरणाची जी रेषा मानली जायची तिच्या जवळजवळ दुप्पट. मनगट मोडलं, बरगड्यांना तडे गेले, दातांतलं सिमेंट निघालं, डोळ्यांत रक्त उतरलं. पण माणूस जिवंत होता.

जे बिघडू शकतं ते बिघडतंच, हा 'मर्फीचा नियम' याच प्रयोगांतून आला. १९४९ मध्ये कॅप्टन एडवर्ड मर्फी यांनी आणलेले सेन्सर उलटे जोडले गेले आणि मोजमाप शून्य आलं. पुढे पत्रकारांसमोर हा नियम नेला तो स्टॅप यांनी.

सगळ्यात मोठी फेरी १० डिसेंबर १९५४ ची, न्यू मेक्सिकोतली. ९ रॉकेटं पेटली आणि ५ सेकंदांत वेग ताशी १,०१७ किलोमीटर झाला. नंतर १.४ सेकंदात गाडी थांबली. धक्का होता ४६.२ जी. त्या क्षणी त्यांच्या शरीराला साडेतीन टनांच्या आसपास जोर जाणवला. डोळ्यांसमोर अंधार आला, दृष्टी कायमची गेली अशी भीती वाटली. सुदैवाने ती परत आली. जमिनीवरचा सगळ्यात वेगवान माणूस म्हणून त्यांचं नाव जगभर झालं.

पण स्टॅप यांना वेगळीच गोष्ट टोचत होती. हवाई दलाची माणसं विमान अपघातांपेक्षा मोटार अपघातांत जास्त दगावत होती. मग त्यांनी मोटारींच्या धडकांचा अभ्यास सुरू केला आणि १९५५ मध्ये त्यावर परिषद भरवली. ती परिषद पुढे त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. १९६६ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी वाहन सुरक्षा कायद्यावर सही केली, तेव्हा स्टॅप तिथे हजर होते. १९६८ पासून अमेरिकेत नव्या गाड्यांमध्ये सीटबेल्ट बंधनकारक झाला.

१३ नोव्हेंबर १९९९ रोजी, वयाच्या ८९ व्या वर्षी ते घरीच शांतपणे गेले.

आता परत त्या बाळाकडे येऊ. स्टॅप यांच्या प्रयोगांतून एक गोष्ट स्पष्ट झाली होती. तोंड मागे असेल तर धक्का अख्ख्या पाठीवर विभागला जातो आणि शरीर जास्त सहन करतं. बाळाचं डोकं शरीराच्या मानाने जड आणि मान नाजूक, त्यामुळे त्याच्यासाठी तर हे फारच महत्त्वाचं. १९६० च्या दशकात स्वीडनचे डॉक्टर बर्टिल आल्डमन यांनी अंतराळवीरांची आसनं पाहून मुलांसाठी मागे तोंड असलेली कारसीट तयार केली.

साधा हिशोब करा. ताशी ५० किलोमीटर वेगातली गाडी धडकून अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर धक्का साधारण २० जी होतो. म्हणजे १० किलोचं बाळ क्षणभर २०० किलोंचं होतं. कुठल्याच आईबापाच्या हातात ते धरून ठेवायची ताकद नसते.

म्हणून तान्ह्या बाळाची सीट मागच्या बाजूला आणि मागे तोंड करूनच लावायची. सीटवर लिहिलेल्या वजन-उंचीच्या मर्यादेपर्यंत ती तशीच ठेवायची, घाईने फिरवायची नाही. एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर ती कधीच लावायची नाही. पट्टा इतका घट्ट हवा की खांद्यावर त्याची चिमूट धरता येऊ नये. मोठ्या मुलाला बूस्टर द्यायचा. बेल्ट मानेवर आणि पोटावर न येता खांद्यावर आणि मांड्यांच्या वरच्या हाडावर बसेपर्यंत तो काढायचा नाही.

आपल्याकडेही २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय नेलं तर १,००० रुपये दंड आहे. पण दंड ही छोटी गोष्ट झाली. एका बाळाला वाचवता आलं नाही म्हणून डॉक्टर झालेल्या माणसाने हाडं मोडून घेऊन हे ज्ञान मिळवलं. आपल्याला फक्त बकल लावायचं आहे.