सर जॉन मरे : समुद्रतळाच्या गाळाचा वाचक

पावसाळा ओसरला म्हणजे नदीकांठच्या शेतांत गाळाचा थर बसलेला दिसतो. त्या वर्षीं पूर कोठवर चढला होता हें शेतकरी त्या थरावरून सांगतो. अथांग महासागराच्या तळाशीं, जेथें सूर्याचा किरण कधीं पोंचत नाहीं, तेथेंही असाच गाळ लाखों वर्षें थरावर थर बसत आला आहे. त्या गाळावरून पुरातन काळचे सागरप्रवाह कसे वाहत होते हें मनुष्याला आज सांगतां येतें, हें ऐकून कोणास नवल वाटणार नाहीं? ज्या पुरुषानें हा गाळ वाचण्याची पहिली बाराखडी घालून दिली, त्याचें चरित्र विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनींही समजून घेण्याजोगें आहे.

जॉन मरे ह्यांचा जन्म ३ मार्च १८४१ रोजीं कॅनडांतील कोबर्ग ह्या गांवीं झाला. आईबाप मूळचे स्कॉटलंडचे. सतराव्या वर्षीं जॉन शिक्षणासाठीं स्कॉटलंडांत आईच्या वडिलांकडे राहावयास गेला. स्टर्लिंग येथील शाळेंतून तो एडिंबरो विद्यापीठांत गेला व वैद्यक शिकूं लागला. पण त्याची रीत निराळी होती. जो विषय मनाला ओढील त्या अध्यापकाच्या वर्गांत जाऊन बसावें, प्रयोगशाळेंत राबावें, आणि परीक्षेचा दिवस आला कीं तिकडे फिरकूं नये! पदवी त्यानें घेतलीच नाहीं.

हें लिहितांना शिक्षकाची लेखणी थोडी अडखळते. परीक्षा तोंडावर आलेल्या एखाद्या विद्यार्थ्यानें ह्यांतून भलताच बोध घेऊं नये. मरे ह्यांनीं परीक्षा टाळली, अभ्यास टाळला नाहीं. १८६८ सालीं ते देवमाशांच्या शिकारीस निघालेल्या एका जहाजावर वैद्य म्हणून गेले आणि सात महिने उत्तरध्रुवाकडील बर्फाळ समुद्रांत हिंडले. तेथें त्यांनीं सागरी प्राणी गोळा केले, समुद्रांतील प्रवाह व बर्फ ह्यांचीं टिपणें केलीं. परत आल्यावर ते पुन्हां विद्यार्थी होऊन अध्यापक टेट ह्यांच्या प्रयोगशाळेंत बसले. कामाची हीच आवड पुढें त्यांचे उपयोगीं पडली.

त्या काळीं खोल समुद्राविषयीं मनुष्याला फारच थोडें माहीत होतें. इंग्लंडच्या सरकारनें रॉयल सोसायटीच्या सूचनेवरून 'चॅलेंजर' नांवाच्या लढाऊ जहाजावरील बहुतेक तोफा उतरवून तेथें प्रयोगशाळा थाटल्या. प्रमुख शास्त्रज्ञ म्हणून एडिंबरोचे अध्यापक वायव्हिल थॉमसन ह्यांची नेमणूक झाली. ऐन वेळीं एका सहायकानें आपली जागा सोडली व टेट ह्यांच्या शिफारसीवरून ती मरे ह्यांस मिळाली. २१ डिसेंबर १८७२ रोजीं जहाज पोर्टस्मथहून निघालें, तें २४ मे १८७६ रोजीं परत आलें. एवढ्या काळांत त्यानें सुमारें ६९,००० सागरी मैलांचा प्रवास केला व ३६२ ठिकाणीं थांबून समुद्राची परीक्षा केली.

काम मोठें कंटाळवाणें होतें. दोराला जड ओळंबा व पोकळ नळी बांधून ती तळाशीं सोडावयाची, नळींत जो गाळ शिरेल तो वर आणावयाचा, आणि तळ खरवडणारें जाळें ओढीत राहावयाचें. एकेका खेपेस कित्येक तास जात. कित्येक खलाशी वाटेंतच जहाज सोडून पळाले. २३ मार्च १८७५ रोजीं पॅसिफिक महासागरांत मारियाना बेटांजवळ ओळंबा ४,४७५ वांव, म्हणजे जवळजवळ २७,००० फूट खालीं गेला. तितक्या खोलीवरूनही चिमूटभर गाळ वर आला. जाळ्यांतून चमत्कारिक मासे निघाले कीं सर्वजण धांवत येत. चिखल मात्र मरे ह्यांच्या वांट्यास येई. ते तो धूत, वाळवीत, चिठ्ठी लावून बाटलींत भरीत आणि सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहात.

त्या चिखलांत वाळूच्या कणाएवढीं असंख्य कवचें दिसत. हीं ग्लोबिजेरिना व तिच्या जातीच्या सूक्ष्म प्राण्यांचीं चुनखडी घरें होत. हे प्राणी तळावरच जगतात कीं पाण्याच्या पृष्ठभागाजवळ राहून मेल्यावर खालीं पडतात, हा त्या काळचा मोठा वाद होता. ते तळावरच जगतात असें स्वतः थॉमसन ह्यांचें मत होतें. मरे हे त्यांच्या हाताखालचे, पदवीही नसलेले सहायक. त्यांनीं वाद घातला नाहीं. बारीक विणीचें जाळें घेऊन जेथें जेथें जहाज थांबे तेथें तेथें त्यांनीं वरचें पाणी गाळून पाहिलें. तेव्हां तेच प्राणी, अंगावरच्या नाजूक काट्यांसह, जिवंत सांपडले. शिवाय उष्ण समुद्रांत ज्या जाती वर पोहत होत्या त्यांचींच कवचें तेथील तळाशीं होतीं. थंड समुद्रांत वर जाती थोड्या, तशा तळाशींही थोड्याच. हा पुरावा पाहून थॉमसन ह्यांनीं आपलें मत सोडलें व तसें जाहीर केलें. शिष्यानें नम्रतेनें सत्य दाखवावें आणि गुरूनें मोकळ्या मनानें तें स्वीकारावें, ह्याहून चांगली शाळा ती कोणती?

ह्या लहानशा शोधांत पुढच्या सर्व विद्येचें बीज होतें. कवच वरून पडतें आणि त्याची जात पाण्याच्या उष्णतेवर अवलंबून असते, तर समुद्राचा तळ हा वरच्या पाण्याचा नकाशाच झाला! आजचा थर आजचा नकाशा, आणि त्याच्या खालचा थर पूर्वींच्या युगाचा. फार खोल जागीं हीं कवचें विरघळून जातात व तेथें तांबडी माती मात्र उरते, हेंही मरे ह्यांनीं दाखविलें. त्या मातींत शार्कचे दांत, देवमाशांच्या कानांतील हाडें आणि आकाशांतून पडलेल्या उल्कांचे सूक्ष्म गोळे त्यांस आढळले.

प्रवास संपला, पण खरी कसोटी पुढेंच होती. जमविलेल्या वस्तूंचें वर्णन छापण्याचें काम वर्षानुवर्षें चाललें. त्या भारानें थॉमसन ह्यांची प्रकृति खचली व १८८२ सालीं ते निवर्तले. तो भार मरे ह्यांनीं उचलला. त्याच वर्षीं स्कॉटलंड व फॅरो बेटें ह्यांच्यामधील समुद्राच्या तपासणींत त्यांनीं भाग घेतला. तेथें सारख्याच खोलीवर एके बाजूस पाणी अतिशय थंड, तर दुसरे बाजूस बरेंच उबदार असे. मध्यें बुडालेला एक डोंगरकणा ध्रुवाकडून येणाऱ्या थंड पाण्यास अडवितो, असें दिसून आलें. त्या कण्यास वायव्हिल थॉमसन ह्यांचेंच नांव देण्यांत आलें.

वृत्तांताचे ५० मोठे खंड १८९५ पर्यंत पुरे झाले. सरकारी पैसा पुरेना तेव्हां मरे ह्यांनीं पदरचा खर्च केला. त्यांतील १८९१ सालचा खोल समुद्रांतील गाळाविषयींचा खंड त्यांनीं बेल्जियमचे भूगर्भशास्त्रज्ञ रेनार ह्यांच्यासह लिहिला. १८९८ सालीं त्यांस 'सर' हा किताब मिळाला.

मरे ह्यांस संपत्तीही दगड ओळखण्यामुळेंच लाभली. हिंदी महासागरांतील ख्रिसमस बेटावरून आलेल्या एका खड्यांत त्यांनीं खताच्या उपयोगाचें फॉस्फेट ओळखलें. १८८८ सालीं ब्रिटननें तें बेट आपल्या ताब्यांत घेतलें व पुढें मरे ह्यांच्या कंपनीनें तेथें खाणी चालविल्या. येथें एक गोष्ट लपवून चालणार नाहीं. त्या खाणींत राबणारे शेंकडों चिनी मजूर पहिल्या कांहीं वर्षांतच बेरीबेरीच्या रोगानें मेले. थोर पुरुषाच्या चरित्रांतही अशीं पानें असतात, आणि तीं झांकून वाचणें हें सत्याच्या उपासकास शोभत नाहीं. मिळालेल्या पैशाचा मोठा भाग मात्र मरे ह्यांनीं पुन्हां विद्येस वाहिला. १९१० सालीं एकूणसत्तराव्या वर्षीं स्वतःच्या खर्चानें ते नॉर्वेच्या जहाजांतून उत्तर अटलांटिक महासागर तपासावयास गेले. १६ मार्च १९१४ रोजीं एडिंबरोजवळ मोटार उलटून त्यांचा अंत झाला.

मरे ह्यांच्या नळींत वरवरचाच थोडा गाळ येई. पुढें १९२५ ते १९२७ ह्या काळांत 'मीटिओर' ह्या जर्मन जहाजानें अधिक लांब नळ्या घातल्या. त्यांतील गाळ तपासून शॉट ह्यांनीं १९३५ सालीं दाखविलें कीं, विषुववृत्ताजवळ उष्ण पाण्याची एक जात वरच्या थरांत आहे, तिच्याखालच्या हिमयुगाच्या थरांत नाहीं, आणि त्याहून खालीं ती पुन्हां दिसते. १९५५ पासून कवचांतील प्राणवायूच्या जड व हलक्या अणूंचें प्रमाण मोजून जुन्या काळचें हवामान काढूं लागले. आणि येथें एक मौज झाली. थॉमसन अगदींच चुकले नव्हते, कारण कांहीं जाती खरोखरच तळावर जगतात. त्यांच्या कवचांतील कार्बन व कॅडमियम ह्यांवरून तळाचें पाणी पृष्ठभागावरून नुकतेंच बुडून आलेलें आहे कीं फार दिवस खालीं फिरलेलें आहे, हें कळतें. सुमारें २०,००० वर्षांपूर्वीं, हिमयुगांत, उत्तर अटलांटिकमध्यें बुडणारें पाणी आजच्याइतकें खोल जात नव्हतें, असें त्यांवरूनच ठरलें.

आपल्या किनाऱ्यासही मरे ह्यांचें ऋण आहे. त्यांनीं मृत्युपत्रानें ठेवलेल्या पैशांतून १९३३-३४ सालीं 'मबाहिस' हें इजिप्ती जहाज अरबी समुद्राच्या तपासणीस निघालें. तेथें सांपडलेल्या समुद्राखालच्या एका डोंगररांगेस मरे ह्यांचें नांव आहे. १९६६ सालीं स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आज गोव्यांत दोना पावला येथें आहे, आणि तेथेंही अशा गाळाचा अभ्यास होतो.

विद्यार्थिमित्रहो, जाळ्यांतले मासे पाहावयास सर्वच धांवले. जो चिखलापाशीं बसून राहिला, त्याच्या हातीं समुद्राचा इतिहास लागला. तुमच्या वांट्यासही कधीं असें काम येईल कीं ज्याकडे कोणी पाहाणार नाहीं. पालकांनींही आपल्या मुलाचे गुण मोजतांना, तो न दिसणारें काम किती मन लावून करतो, हें पाहावें. थोडक्यांत विश्वासू राहणाऱ्या चाकराचा दृष्टांत आपण प्रार्थनेच्या वेळीं पुष्कळदां ऐकतों. सर जॉन मरे ह्यांच्या बाटलींतील गाळ हा त्याच दृष्टांताचा एक अर्थ होय.