वस्ताद लहुजी साळवे

ज्या पुणें शहरांत मांगाच्या पोरास तालमीपुढून चालत जाण्याचीहि चोरी होती, त्याच शहरांत एका मांगानें स्वतःची तालीम घातली आणि तींत सर्व जातींच्या मुलांस शस्त्रविद्या शिकविली. हा पुरुष म्हणजे वस्ताद लहुजी राघोजी साळवे होय.

लहुजींचा जन्म १४ नोव्हेंबर १७९४ रोजीं पुरंदर किल्ल्याच्या पायथ्याच्या पेठ या गांवीं झाला. वडील राघोजी पेशव्यांच्या चाकरींत होते. त्यांनीं एकदां जिवंत वाघ धरून आणिल्याची दंतकथा पुष्कळांनीं ऐकिली असेल. ती खरी असो वा नसो, त्यांच्या अंगबळाची ख्याति मोठी होती यांत संशय नाहीं. दांडपट्टा, तलवार, घोड्यावर बसणें हें सर्व लहुजी बापाजवळच शिकले. राज्याला मांगाची तलवार हवी होती. त्याची सावली मात्र नको होती.

५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीस इंग्रजांशीं लढाई जुंपली. तींत लहुजी बापाच्या बरोबरीनें लढले व राघोजी कामास आले, असें परंपरा सांगते. पुढल्याच वर्षीं पेशवाई बुडाली. शस्त्र हेंच ज्यांच्या पोटाचें साधन, त्यांच्यापाशीं विद्या राहिली, पण धनी उरला नाहीं. अशा वेळीं दुसरा एखादा ती विद्या स्वतःबरोबर मातींत जाऊं देता. लहुजींनीं १८२२ च्या सुमारास पुण्यांत तालीम काढली.

विद्यार्थिमित्रांनो, त्या काळीं तालीम म्हणजे केवळ जोर-बैठका काढण्याची जागा नव्हे. तेथें आखाड्याच्या मातींत कुस्ती चाले, लाठी फिरे, निशाण मारण्याचा सराव होई. आणि या सर्वांत कठीण तो पट्टा. पट्ट्याचें पातें लांब व सरळ असून मुठीवर लोखंडी खोबळा असतो. हात त्यांत कोपरापर्यंत अडकला म्हणजे मनगट वळत नाहीं. तेव्हां सारें अंगच फिरवावें लागतें. हें पुस्तकांतून येत नाहीं. वस्तादापुढें उभें राहून, त्याचा पवित्रा पाहून आणि त्याच्याकडून चुका सुधारून घेऊनच तें साधतें. म्हणजे ज्याला तालमीचें दार बंद, त्याला ही विद्याहि बंद.

हें दार किती घट्ट बंद होतें, तें लहुजींच्या नात्यांतील मुक्ता साळवे या मुलीनें लिहून ठेविलें आहे. तिचा निबंध अमेरिकन मिशनच्या ‘ज्ञानोदय’ पत्रांत १८५५ सालीं छापून आला. बाजीरावाच्या अमलांत महार-मांग तालीमखान्यापुढून गेला, तर गुलटेकडीच्या मैदानांत त्याच्या शिराचा चेंडू करून खेळत, असें ती सांगते. हें वाचलें म्हणजे लहुजींच्या तालमीचें मोल कळतें. त्यांच्या आखाड्यांत मांगांचीं मुलें तर येतच. पण इतर जातींच्या तरुणांसहि मांग वस्तादापुढें वांकून मगच पट्टा हातीं घ्यावा लागे.

त्यांत जोतीराव फुले होते. स्कॉटिश मिशनच्या शाळेंत इंग्रजी शिकणारा हा माळ्याचा मुलगा लहुजींजवळ दांडपट्टा व निशाणबाजी शिकला, आणि १८७३ सालच्या ‘गुलामगिरी’ ग्रंथांत त्यानें आपल्या वस्तादाचें नांव आवर्जून नोंदिलें. वासुदेव बळवंत फडके यांचेंहि नांव लहुजींच्या शिष्यांत घेतलें जातें.

गुरुशिष्यांचें नातें तेवढ्यावर थांबलें नाहीं. जोतीरावांनीं महार-मांगांच्या मुलांसाठीं शाळा काढिल्या, तेव्हां आईबापांस त्या नव्या गोष्टीची धास्ती वाटे. शाळेनें पोट भरत नाहीं, आणि वरच्या वर्गाचा रोष मात्र पदरीं येतो, हा त्यांचा हिशेब खोटा नव्हता. लहुजी व राणबा महार यांनीं आपापल्या जातबांधवांस समजावून मुलें शाळेंत आणिलीं. लहुजींचें वय तेव्हां साठीकडे झुकलें होतें. पट्ट्याच्या विद्येवर ज्याचें सारें आयुष्य गेलें, तो वस्ताद पाटी-पुस्तकाची रदबदली करीत मांगवाड्यांत फिरला, ही गोष्ट मला त्यांच्या कोणत्याहि पराक्रमाहून मोठी वाटते. त्याच शाळेंत मुक्ता लिहिण्यास शिकली.

लहुजी आजन्म अविवाहित राहिले. १७ फेब्रुवारी १८८१ रोजीं पुण्यांत त्यांचा अंत झाला. त्यांची समाधि संगमवाडीस आहे, आणि गंजपेठेंतील एक तालीम अद्याप त्यांच्याच नांवानें ओळखली जाते. त्या पेठेला मात्र पुढें त्यांच्या शिष्याचें नांव मिळालें.