ओहम : नियमामागचा माणूस

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे मराठीत काही चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या. ओहमचा नियम आपल्या सगळ्यांना पाठ आहे, पण त्या माणसाची खरी ओळख मला यंदा वर्कशॉपमध्ये झाली.

आमच्या प्रोजेक्टचं फ्युएल इंजेक्शनचं इंजिन आयडलला सारखं वरखाली व्हायचं. स्कॅनरवर थ्रॉटल पोझिशन सेन्सरचा कोड आला. आम्ही लगेच वर्गणी काढून नवा सेन्सर बसवला. दुखणं तसंच! सरांनी एवढंच विचारलं की सेन्सरचा सप्लाय आणि अर्थ तपासलात का? आम्ही गप्प.

अशीच चूक ओहमचीही झाली होती.

जॉर्ज सायमन ओहमचा जन्म 1789 सालचा, जर्मनीतल्या एर्लांगेनचा. वडील कुलपं बनवणारे कारागीर. ते स्वतः गणित शिकले आणि मुलांनाही त्यांनीच शिकवलं. कॉलेजात गेल्यावर मात्र स्वारी नाच, बिलियर्ड्स आणि स्केटिंगमध्ये रमली. (हॉस्टेलवाल्यांनो, ओळखीचं वाटतंय ना?) वडील भडकले. तीन सत्रांतच कॉलेज सुटलं आणि स्वित्झर्लंडला शिक्षकाची नोकरी धरावी लागली. तरी 1811 मध्ये त्याने डॉक्टरेट मिळवली.

1817 पासून तो कोलोनच्या शाळेत शिकवत होता आणि तिथेच प्रयोग करत होता. 1825 मध्ये त्याने छापलेलं सूत्र चुकलं. तारांचा दोष नव्हता, त्याच्या बॅटरीचा दाबच स्थिर राहत नव्हता. मग पोगेनडॉर्फ या संपादकाच्या सूचनेवरून त्याने बिस्मथ आणि तांब्याचं थर्मोकपल घेतलं. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. सप्लाय स्थिर झाला आणि 1826 मध्ये बरोबर नियम हाती आला.

1827 च्या त्याच्या पुस्तकाला देशात थंड प्रतिसाद मिळाला. निराश होऊन त्याने 1828 मध्ये कोलोनची नोकरी सोडली. लंडनच्या रॉयल सोसायटीने कोपली पदक दिलं ते 1841 मध्ये. म्युनिकला प्राध्यापकपद मिळालं 1852 मध्ये, आणि 1854 मध्ये तो वारला.

हे वाचल्यावर आम्ही मल्टीमीटर घेऊन पुन्हा बसलो. सेन्सर म्हणजे काय, तर रेझिस्टन्सची एक पट्टी आणि तिच्यावर सरकणारा काटा. वायरी तीन : 5 व्होल्ट, अर्थ आणि सिग्नल. 5 व्होल्ट बरोबर येत होते. पण इंजिन चालू असताना अर्थची पिन आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यात जवळजवळ शून्य दिसायला हवं, तिथे अर्धा व्होल्ट! कनेक्टरची पिन गंजली होती. म्हणून थ्रॉटल बंद असूनही ईसीयूला तो थोडा उघडा वाटत होता.

पिन घासली आणि मुद्दाम जुनाच सेन्सर परत लावला. बंद थ्रॉटलला 0.5 च्या आसपास, हळूहळू उघडत नेला तर 4.5 पर्यंत सिग्नल न अडखळता चढला. मध्येच कुठे उडी मारली असती, तर पट्टी झिजली असं समजलो असतो.

नवा सेन्सर आता माझ्या टेबलावर पडून आहे. पार्ट बदलण्याआधी सप्लाय बघायचा, याची आठवण म्हणून. वर्गणी देणाऱ्यांनी मात्र अजून माफ केलेलं नाही!